दोन महायुद्धांमधला युरोप: धर्म आणि उजव्या राष्ट्रवादी चळवळी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

1918 ते 1939 या काळात युरोपातील उजव्या राष्ट्रवादी चळवळींचे चर्चशी नाते काय होते, यावर सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जेथे दोन प्रश्नांचे उत्तर एकमेकांत मिसळते तेथे पुनरुक्ती न करता संबंधित क्रमांकाकडे निर्देश केला आहे. भर कॅथलिक देशांवर आहे, कारण तेथे राष्ट्राबाहेर बसलेली पोपची सत्ता होती आणि त्यामुळे संबंध व संघर्ष दोन्ही करारांच्या आणि पत्रांच्या रूपाने नोंदले गेले. ऑर्थोडॉक्स रुमानियाची गोष्ट वेगळी असल्याने तिला जास्त जागा दिली आहे.

1. या चळवळी खरोखर धार्मिक होत्या, की धर्माचा नुसता वापर करून घेत होत्या?

दोन्ही प्रकार होते, आणि बऱ्याचदा एकाच चळवळीत होते. फ्रान्समधील 'आक्सियाँ फ्राँसेझ' या राजेशाहीवादी चळवळीचा विचारवंत शार्ल मोरास स्वतः श्रद्धाळू नव्हता. शिस्त, उतरंड आणि परंपरा टिकवणारी संस्था म्हणून त्याला चर्च हवे होते. मुसोलिनी तरुणपणी उघड धर्मद्वेष्टा होता आणि एका कार्डिनलच्या प्रेयसीवर त्याने वृत्तपत्रातून चटकदार कादंबरीही लिहिली होती. पोर्तुगालचा सालाझार मात्र धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकलेला, नेमाने धर्म पाळणारा माणूस होता, तर रुमानियाच्या 'लोहरक्षक दला'चा नेता कोद्रेआनू याने प्रार्थना आणि उपवास यांनाच संघटनेच्या शिस्तीचे अंग केले होते.

नेत्याची वैयक्तिक श्रद्धा मोजत बसण्यातून फारसे काही हाती लागत नाही, असे माझे मत आहे. तरुण मुले कोणाच्या ताब्यात राहतील आणि पाप-पुण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा राहील, या दोन गोष्टी तपासल्या की प्रत्येक देशातले चित्र बरेच स्पष्ट होते. पुढची बहुतेक उत्तरे फिरून याच दोन गोष्टींपाशी येतात.

2. चर्चला या लोकांशी जुळवून घ्यावेसे का वाटले?

मुख्य कारण शत्रू समान होते हे आहे. 1917 नंतर रशियात चर्चवर जे ओढवले ते सर्वांनी पाहिले होते. 1919 मध्ये हंगेरी आणि बव्हेरियात काही काळ सोव्हिएत पद्धतीची सत्ता आली होती. 1922 मध्ये पोप झालेले अकरावे पायस त्याआधी पोलंडमध्ये पोपचे राजदूत होते, आणि 1920 च्या ऑगस्टमध्ये लाल सेना वॉर्साच्या वेशीवर येऊन ठेपली तेव्हा ते शहर न सोडता तेथेच राहिले होते. बोल्शेव्हिझम हा त्यांच्यासाठी वर्तमानपत्रात वाचलेला विषय नव्हता.

दुसरा शत्रू जुना होता: उदारमतवादी, चर्चविरोधी प्रजासत्ताक. फ्रान्सने 1905 मध्ये आणि पोर्तुगालने 1911 मध्ये कायदा करून चर्च व राज्य यांची फारकत केली, आणि दोन्ही ठिकाणी चर्चची मालमत्ता हातची गेली. संसदीय लोकशाही म्हणजे आपल्या शाळा बंद करणारी व्यवस्था, असे समीकरण अनेक बिशपांच्या मनात पक्के झाले होते. त्यात 1931 च्या पोपच्या सामाजिक पत्राने वर्गसंघर्षाऐवजी व्यवसायनिहाय संघांवर उभी समाजरचना सुचवली, आणि ऑस्ट्रियातील डॉलफुस राजवटीने 1934 च्या राज्यघटनेत त्याचाच आधार सांगितला. पोपच्या मनात असलेली रचना आणि व्हिएन्नातली हुकूमशाही यांत मोठे अंतर होते, पण ते दाखवून देण्याची घाई तेथील बिशपांनी केली नाही.

3. मुसोलिनी नास्तिक होता, तर पोपने त्याच्याशी करार कसा केला?

1870 मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतले तेव्हापासून पोप स्वतःला व्हॅटिकनमधील कैदी मानत होते आणि इटलीचे राज्य त्यांनी मान्य केलेले नव्हते. उदारमतवादी सरकारांना हा तिढा सोडवता आला नव्हता, कारण पोपला सार्वभौम प्रदेश देणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. मुसोलिनीला अशा तत्त्वाची अडचण नव्हती. 1923 च्या शिक्षणसुधारणेत प्राथमिक शाळांत धर्मशिक्षण परत आले, वर्गांत क्रूस लागले, आणि पुढे त्याने स्वतःचा विवाहही धर्मविधीने पुन्हा लावून घेतला.

11 फेब्रुवारी 1929 रोजी लॅटरन राजवाड्यात कार्डिनल गास्पारी आणि मुसोलिनी यांनी सह्या केल्या. कागद तीन होते. पहिल्याने 44 हेक्टरांचे व्हॅटिकन राज्य अस्तित्वात आले; दुसऱ्याने भरपाई म्हणून 75 कोटी लिरा रोख आणि 100 कोटी लिरांचे रोखे देण्याचे ठरले; तिसरा कॉन्कॉर्डाट, म्हणजे राज्य आणि चर्च यांच्यातील करार, ज्याने चर्चमधील विवाहाला कायद्याची मान्यता दिली आणि माध्यमिक शाळांतही धर्मशिक्षण नेले. दोन दिवसांनी पोपने मुसोलिनीचे वर्णन दैवी योजनेने आमच्या भेटीस आणलेला माणूस अशा अर्थाच्या शब्दांत केले, आणि मार्चमधील जनमत कौलात फॅसिस्टांना त्याचा पुरेपूर लाभ झाला. त्याच वर्षी मे महिन्यात संसदेत बोलताना मुसोलिनीने सूर बदलला: राज्य कॅथलिक आहे, पण सर्वांआधी ते केवळ फॅसिस्ट आहे, असे त्याने बजावले.

4. इटलीत कॅथलिकांचा स्वतःचा पक्ष होता ना? त्याचे काय झाले?

होता. सिसिलीतील धर्मगुरू लुईजी स्तुर्झो यांनी जानेवारी 1919 मध्ये पार्तितो पोपोलारे स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याने 100 जागा जिंकल्या. फॅसिस्टांना रोखू शकणाऱ्या मोजक्या शक्तींपैकी ती एक होती. पण व्हॅटिकनला पक्षाच्या मध्यस्थीपेक्षा सत्तेशी थेट बोलणी सोयीची वाटू लागली, आणि दबावाखाली स्तुर्झो यांनी जुलै 1923 मध्ये सचिवपद सोडले. पुढच्याच महिन्यात अर्जेंता गावात फादर जोव्हान्नी मिन्झोनी यांना फॅसिस्ट गुंडांनी डोक्यात घाव घालून मारले. आपल्या धर्मग्रामातील मुलांची स्काउट तुकडी उभारली, हा त्यांचा अपराध. 1924 मध्ये स्तुर्झो परदेशी गेले आणि 1926 मध्ये इतर विरोधी पक्षांबरोबर हा पक्षही बंद झाला. लॅटरन कराराची किंमत अशी आधीच चुकती झाली होती.

5. करार झाल्यावर दोनच वर्षांत भांडण का झाले?

मुलांवरून. फॅसिस्ट राजवटीने 1926 मध्ये 'बालिल्ला' ही मुलांची संघटना काढली होती आणि देशातील प्रत्येक मूल तीत असावे अशी तिची अपेक्षा होती. दुसरीकडे 'कॅथलिक अॅक्शन' या सामान्य धर्मजनांच्या संघटनेला कॉन्कॉर्डाटच्या कलम 43 ने संरक्षण दिले होते, आणि तिच्या तरुण मंडळांची सभासदसंख्या वाढत होती. मे 1931 च्या अखेरीस सरकारने ही मंडळे बंद केली. 29 जूनला पोपने थेट इटालियन भाषेत पत्र काढून राज्याच्या पूजेवर, म्हणजे राज्यालाच देव मानण्यावर, आणि मुलांकडून घेतल्या जाणाऱ्या शपथेवर टीका केली.

सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. कॅथलिक अॅक्शन बिशपांच्या देखरेखीखाली धर्मप्रांतनिहाय काम करील, पूर्वीच्या पोपोलारे पक्षातील लोकांना पदे देणार नाही, आणि तरुण मंडळे खेळ व कसरतींचे कार्यक्रम घेणार नाहीत, असे ठरले. खेळांवरची ही बंदी वाचताना क्षुल्लक वाटते. पण मुलाने रविवारी दुपारी चेंडू कोणाच्या मैदानावर लाथाडायचा, हाच तर वादाचा गाभा होता.

6. डॉ. मुंजे मुसोलिनीला भेटले होते, ते याच काळात का?

होय, मार्च 1931 मध्ये. नागपूरचे हिंदू महासभेचे नेते डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे गोलमेज परिषदेनंतर युरोपात फिरत असताना रोमला गेले, तेथे त्यांनी बालिल्लाच्या संस्था पाहिल्या आणि मुसोलिनीची भेट घेतली. त्यांच्या रोजनिशीत याची नोंद आहे. पुढे 1937 मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. मुंजे यांना तेथे रस होता तो मुलांच्या लष्करी शिक्षणात. इटलीतील चर्च आणि राज्य यांच्या नात्यात नव्हे. ज्या संस्था त्यांना नमुनेदार वाटल्या त्यांच्यावरून अडीच महिन्यांतच पोप आणि मुसोलिनी यांच्यात जाहीर भांडण पेटले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हिंदू संघटनांशी सरसकट तुलना करणाऱ्या वाचकांना मात्र एवढेच सांगणे आहे की, राष्ट्राबाहेरून आज्ञा देणारी, सभासदाला संस्कार नाकारू शकणारी धर्मसत्ता हिंदू समाजात नव्हती. त्यामुळे प्रश्न 5 आणि 7 मधील प्रकारचा संघर्ष येथे त्याच रूपात उभा राहणे शक्य नव्हते.

7. पोपने एखाद्या उजव्या चळवळीवर सरळ बंदी घातली, असे कधी झाले का?

झाले, आणि तेही ती चळवळ स्वतःला चर्चची सर्वांत कडवी पाठीराखी म्हणवत असताना. आक्सियाँ फ्राँसेझ राजेशाहीवादी होती, 1905 च्या फारकतीविरुद्ध रस्त्यावर उतरली होती, आणि फ्रान्सचे कित्येक धर्मगुरू तिचे दैनिक वाचत. पण 'राजकारण आधी' ही मोरासची घोषणा होती, आणि तरुण कॅथलिक आपला गुरू म्हणून एका अश्रद्धाचे नाव घेऊ लागले होते. ऑगस्ट 1926 मध्ये बोर्दोच्या कार्डिनलांनी इशारा दिला. डिसेंबरात रोमने मोरासची काही पुस्तके व ते दैनिक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकले.

त्याचा परिणाम घराघरांत जाणवला. जे वाचक दैनिक सोडायला तयार नव्हते त्यांना साक्रामेंत, म्हणजे चर्चचे संस्कार, नाकारले गेले आणि काहींच्या अंत्यविधीला धर्मगुरू मिळाला नाही. कार्डिनल लुई बियो यांनी बंदीविरुद्ध सहानुभूती दाखवली, तेव्हा 1927 मध्ये त्यांना कार्डिनलपद सोडावे लागले. संघटनेचा कॅथलिक तरुणांमधील जोर ओसरला. बंदी बारावे पायस यांनी जुलै 1939 मध्ये उठवली, मात्र चळवळीच्या नेत्यांनी खेदपत्र दिल्यावरच.

इटलीतील फॅसिस्ट पक्षावर अशी बंदी का नाही, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. मोरासच्या हाती सत्ता नव्हती, मुसोलिनीच्या हाती होती, हे उत्तर कटू असले तरी बहुतांशी खरे आहे.

8. रुमानियाच्या 'लोहरक्षक दला'ला सर्वांत धार्मिक चळवळ का म्हणतात?

कारण तेथे धर्म सजावटीपुरता नव्हता. कोर्नेलियू झेल्या कोद्रेआनू हा 'यास' नावाच्या शहरातील विद्यार्थी चळवळीतून आलेला ज्यूद्वेष्टा पुढारी. 1923 मध्ये बुखारेस्टच्या वकरेश्त तुरुंगात असताना तेथील प्रार्थनामंदिरातील महादूत मायकेलच्या चित्राने त्याला भारून टाकले. पुढच्या वर्षी त्याने 'यास'च्या पोलीसप्रमुखाला गोळ्या घातल्या आणि 1925 मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. 24 जून 1927 रोजी त्याने 'महादूत मायकेलचे सैन्य' स्थापन केले. 'लोहरक्षक दल' ही त्याचीच 1930 ची शाखा, जिचे नाव नंतर सगळ्या चळवळीला चिकटले.

तिचे छोटे गट 'घरटी' म्हणून ओळखले जात. सभासद गळ्यात कातड्याची लहानशी पिशवी बांधत, आणि तिच्यात जुन्या रणभूमींवरून आणलेली माती असे. श्रमशिबिरांत तरुण पूल, रस्ते आणि चर्चच्या इमारती बांधत, आणि ज्या खेड्यांत सरकारचे तोंड कधी दिसले नव्हते तेथे याचा प्रभाव पडे. स्पेनच्या युद्धात फ्रँकोच्या बाजूने लढताना चळवळीतील इऑन मोत्सा आणि वासिले मारीन जानेवारी 1937 मध्ये ठार झाले, तेव्हा त्यांच्या शवपेट्या रेल्वेने देशभर फिरवण्यात आल्या आणि बुखारेस्टच्या अंत्ययात्रेत शेकडो धर्मगुरू चालले. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील निवडणुकीत या चळवळीच्या पक्षाने 15 टक्क्यांहून अधिक मते मिळवली.

यातील खरा पेच हत्येचा होता. 1933 च्या डिसेंबरात पंतप्रधान दूका यांना सिनाया स्थानकावर मारणारे तिघे पळाले नाहीत. त्यांनी स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. हत्या हे पाप आहे हे चळवळ नाकारत नसे. राष्ट्रासाठी ते पाप आणि त्याची शिक्षा आपल्या माथी घेणे, प्रसंगी स्वतःच्या आत्म्याच्या तारणाचीही आहुती देणे, हा सर्वोच्च त्याग असे ती शिकवत असे. ख्रिस्ती शिकवणीत माणसाच्या आत्म्याला जी जागा आहे तेथे येथे राष्ट्र बसवले गेले होते, आणि शब्द मात्र सारे चर्चचेच राहिले. म्हणूनच एखाद्या साध्या गावच्या धर्मगुरूला यात वावगे काय ते ओळखणे कठीण गेले असावे.

9. मग रुमानियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ही चळवळ आपलीच मानली का?

खालच्या धर्मगुरूंमध्ये तिचे समर्थक पुष्कळ होते, आणि ट्रान्सिल्व्हेनियाचे मेट्रोपॉलिटन (प्रांताचे मुख्य बिशप) निकोलाए बलान यांच्यासारखे वरिष्ठही जवळीक राखून होते. धर्मप्रमुखांची चाल वेगळी होती. फेब्रुवारी 1938 मध्ये राजा दुसरा कॅरोल याने पक्ष मोडीत काढून स्वतःची हुकूमशाही आणली तेव्हा पंतप्रधानपदी त्याने पॅट्रिआर्क, म्हणजे रुमानियन चर्चचे सर्वोच्च प्रमुख, मिरोन क्रिस्तेआ यांनाच बसवले. त्यांच्याच कारकिर्दीत कोद्रेआनूला शिक्षा झाली, आणि 29-30 नोव्हेंबर 1938 च्या रात्री पहाऱ्याखाली नेत असताना त्याचा गळा आवळून खून करण्यात आला.

यावरून पॅट्रिआर्क उदारमतवादी होते असे समजू नये. त्यांच्या आधीच्या गोगा सरकारने सुरू केलेली ज्यूंच्या नागरिकत्वाची फेरतपासणी त्यांच्या काळातही चालू राहिली आणि दोन लाखांहून अधिक ज्यूंचे नागरिकत्व गेले. भांडण राष्ट्रवादाशी नव्हते. त्याची सूत्रे राजाच्या हाती राहणार की कोद्रेआनूच्या, एवढ्यापुरते ते होते. रुमानियाचे चर्च राष्ट्रीय होते, 1925 मध्ये त्याला स्वतःचा पॅट्रिआर्क मिळाला होता, आणि प्रश्न 7 मध्ये आलेली परकी, बाहेरची लगाम येथे नव्हती.

10. जर्मनीतील चर्च नाझींच्या बाजूने होते की विरोधात?

'चर्च' असे एकवचनी बोलता येत नाही. 1932 च्या निवडणुकांत कॅथलिकबहुल भागांत नाझींना प्रोटेस्टंट भागांपेक्षा स्पष्टपणे कमी मते मिळाली, आणि अनेक बिशपांनी पक्षाच्या सभासदत्वाला मनाई केली होती. मार्च 1933 मध्ये ती मनाई उठली आणि 20 जुलैला कॉन्कॉर्डाट झाला. प्रोटेस्टंटांमध्ये 'डॉइच क्रिस्टेन' नावाचा नाझीधार्जिणा गट बायबलमधून ज्यू अंश काढून टाकण्यापर्यंत गेला. नोव्हेंबर 1933 मध्ये बर्लिनच्या श्पोर्टपालास्ट सभागृहात बायबलचा 'जुना करार' हा भाग टाकून देण्याची मागणी झाल्यावर त्यांच्याच गटातले अनेक जण बिथरले. पाद्री मार्टिन निमोलर आणि इतरांच्या विरोधातून मे 1934 ची बार्मेन घोषणा निघाली. ती चर्चच्या स्वातंत्र्याविषयी होती, ज्यूंच्या छळाविषयी तिच्यात शब्द नाही.

1937 च्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पोपचे जर्मन भाषेतील पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचले गेले. ते गुप्तपणे छापून वाटले होते, आणि नंतर छापखान्यांवर जप्ती आली. वंश आणि राज्य यांना देवपण देण्याचा त्यात कडक निषेध आहे. ज्यूंच्या छळाचा थेट उल्लेख त्यातही नाही.

11. स्पेनमध्ये चर्च फ्रँकोच्या बाजूने गेले ते भीतीमुळे की पटले म्हणून?

भीती खरी होती. यादवी युद्धात, मुख्यतः 1936 च्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्याच्या आधी, प्रजासत्ताकाच्या प्रदेशात सुमारे 6,800 धर्मगुरू, मठवासी बंधू व भगिनी मारले गेले, आणि त्यांत 13 बिशप होते. पण 1931 च्या प्रजासत्ताकाशी वैर त्याआधीचे होते, आणि 1 जुलै 1937 च्या बिशपांच्या सामूहिक पत्राने फ्रँकोच्या उठावाला उघड नैतिक आधार दिला. तारागोनाचे कार्डिनल विदाल आणि व्हितोरियाचे बिशप मुखिका यांनी त्यावर सही केली नाही. बास्क प्रांतातील श्रद्धाळू कॅथलिक राष्ट्रवादी तर प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले, आणि फ्रँकोच्या सैन्याने बास्क धर्मगुरूंनाही गोळ्या घातल्या. एकाच धर्माची माणसे समोरासमोर होती.

12. धर्मगुरूच पक्षाचे पुढारी होते, अशी उदाहरणे आहेत का?

आहेत. स्लोव्हाकियातील राष्ट्रवादी पक्ष फादर आंद्रेय ह्लिंका यांचा होता. 1938 मध्ये त्यांच्या निधनानंतर फादर योझेफ टिसो पुढे आले आणि मार्च 1939 मध्ये हिटलरच्या आश्रयाने जन्मलेल्या राज्याचे आधी पंतप्रधान आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष झाले. ऑस्ट्रियाचे चान्सेलर इग्नाझ सायपेल हेही धर्मगुरूच. पुरोहिताने सत्तापद घेऊ नये असे व्हॅटिकनला वाटत असले, तरी प्रत्यक्षात असे पद सोडायला लावणे सोपे नसे.

13. सालाझारचे पोर्तुगाल यात कुठे बसते? गोवा आणि मुंबईवर त्याचा काही परिणाम झाला का?

सालाझारची राजवट हुकूमशाही आणि कॅथलिक दोन्ही होती, पण निळ्या सदऱ्यांची रोलाँव प्रेतू यांची फॅसिस्ट धाटणीची संघटना त्यानेच 1934 मध्ये बंद केली. लिस्बनचे पॅट्रिआर्क सेरेजैरा हे त्याचे कुईंब्रा विद्यापीठातले मित्र होते, तरीही 1933 च्या घटनेने चर्च आणि राज्य वेगळेच ठेवले आणि कॉन्कॉर्डाट 1940 पर्यंत लांबला. चर्चला मान द्यायचा, पण राज्याच्या कारभारात हिस्सा द्यायचा नाही, अशी त्याची रीत होती.

वसाहतींत मात्र हात मोकळा सोडला होता. 1930 च्या वसाहत कायद्याने परदेशी मुलूख ताब्यात ठेवणे आणि तेथील लोकांना 'सुसंस्कृत' करणे हे पोर्तुगीज राष्ट्राच्या प्रकृतीतच आहे असे ठरवले, आणि कॅथलिक मिशनांना राष्ट्रीय प्रभावाचे साधन म्हटले. 1910 च्या प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंना बरोबरीचे हक्क दिले होते; त्यामुळे या कायद्याचा दंश तेथे हिंदू आणि ख्रिस्ती दोघांना बसला. लुईस दि मेनेझिस ब्रागांझा यांनी 1930 मध्येच सरकारी परिषदेत गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. ते स्वतः कॅथलिक घराण्यातले होते, हे धर्म आणि साम्राज्य यांची बेरीज आपोआप होते असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मुंबईत बिशप नेमण्याचा पोर्तुगालचा जुना हक्क, म्हणजे पाद्रोआदो, आणि रोमने थेट चालवलेली व्यवस्था यांमुळे एकाच शहरात दोन अधिकारक्षेत्रे होती. 1928 मध्ये, म्हणजे लिस्बनमध्ये लष्करी राजवट असतानाच, ही दोन्ही एकत्र केली गेली आणि मुंबईचे महागुरू (आर्चबिशप) आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत असे ठरले. त्याप्रमाणे आधी जुआकिम लीमा आणि 1937 पासून इंग्लिश येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स आले. मुंबई आणि साष्टीच्या कॅथलिकांना आपला बिशप कोण, याचे उत्तर लिस्बन, लंडन आणि रोम यांच्या बोलण्यांतून मिळत होते.

14. बिशपांनी ठरवले असते तर अशी चळवळ मतपेटीतून थांबवता आली असती का?

एक उदाहरण त्या बाजूने आहे. बेल्जियममधील लेऑन देग्रेल याचा 'रेक्स' पक्ष एका कॅथलिक प्रकाशनसंस्थेतून निघाला. त्याचे नावही ख्रिस्तराजावरून आले. 1936 मध्ये त्याने 202 पैकी 21 जागा जिंकल्या आणि कॅथलिक पक्षाचे कंबरडे मोडले. एप्रिल 1937 मध्ये देग्रेलने ब्रसेल्समध्ये पोटनिवडणूक घडवून आणली, स्वतः उभा राहिला, आणि चर्चची आपल्याला हरकत नाही असे सूचित केले. मतदानाच्या तोंडावर कार्डिनल व्हॅन रॉय यांनी रेक्स हा देशाला आणि चर्चला धोका असल्याचे जाहीर केले, आणि कोरी मतपत्रिका टाकून अंग काढून घेण्यालाही मनाई केली. पंतप्रधान व्हॅन झीलँड जवळपास चौपट मतांनी जिंकले.

मात्र व्हॅन झीलँड यांच्यामागे कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी आणि कम्युनिस्ट असे सगळेच उभे होते, त्यामुळे कार्डिनलांच्या शब्दाचा वाटा वेगळा काढून दाखवता येत नाही. शिवाय बेल्जियममध्ये रेक्स विरोधात होता आणि कॅथलिक पक्ष अजून जिवंत होता. इटलीत यांपैकी काहीच उरलेले नव्हते. ते कसे घडले हे प्रश्न 4 मध्ये आहे.